कालव्यावरचा मांडव

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी वर्ध्याला कामगार निरीक्षक होतो. परप्रांतातून आणलेल्या मजुरांना इथल्या मजुरांसारखंच वागवलं पाहिजे, असा कायदा नुकताच लागू झाला होता आणि तो राबवणं माझ्याकडे होतं. पवनारच्या शेतमजुराचा पोरगा मी. त्या कामाचा मला अभिमान होता, अजूनही आहे.

मे महिन्यात कारंज्याकडे एका कालव्याच्या कामावर गेलो. लेकुरवाळ्या बायांसाठी कंत्राटदाराने गवताचा मांडव घातला होता. त्यात काही लेकरं गाढ झोपली होती. बाकीची मात्र पलीकडे, बाभळीला बांधलेल्या झोळ्यांत, उन्हात होती. त्यातलं एक तापाने फणफणलं होतं आणि त्याची आई मातीची टोपली उचलता उचलता तिकडेच बघत होती.

"हे लेकरू मांडवात काऊन नाई?" मी सुपरवायझरला विचारलं.

"त्यायले सवय आहे साहेब."

"बाहेरून आणल्या का या बाया?"

"छे! साऱ्या इथल्याच. तुमचा तो कायदा इथं लागतच नाई."

माझं डोकं लवकर तापतं. तरी राग गिळून त्या आईला गाव विचारलं. तिने खाली मान घालून शेजारच्याच गावाचं नाव घेतलं. पढवलेलं आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं. मग मी जेवणाची सुट्टी करायला लावली आणि बायांजवळच बसलो.

ज्यांची लेकरं मांडवात होती, त्या इथल्या बायांनी फडक्यातून ज्वारीची भाकर आणि ठेचा सोडला. त्या आईने डबा उघडला. रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला, सोबत कांदा न् मिरची. बासी! पवनारच्या वीटभट्टीवर रायपूरकडची माणसं उन्हाळाभर हेच खायची, मी लहानपणापासून पाहत आलेलो. सुपरवायझरने बाईकडून गाव पाठ करून घेतलं, पण तिच्या डब्याचा विचार त्याला शिवलाही नव्हता.

"कारंज्याच्या बाया बासी कवापासून खाऊन राह्यल्या?" मी विचारलं. सुपरवायझरचं तोंड एकदम उतरलं.

बाईने घाबरून डब्यावर झाकण ठेवलं. आता आपल्याला हाकलतील, ही तिची भीती. मी हिंदीत समजावलं, बाहेरून आलीस म्हणूनच हा कायदा तुझा आहे, मांडवात तुझ्या लेकराचाही हक्क आहे.

ती हळूच म्हणाली, "साहब, आप तो चले जाओगे. फिर?"

वर्ध्याची बस मला गाठायचीच होती.

तेवढ्यात इथल्या बायांतली एक दांडगी बाई हातातली भाकर खाली ठेवून उठली. तिने झोळीतलं लेकरू उचललं, मांडवात स्वतःच्या लेकराशेजारी निजवलं आणि कमरेवर हात ठेवून सुपरवायझरसमोर उभी राहिली.

"तुमी जा साहेब," ती म्हणाली. "आमी आहो ना इथं. आता याले कोन उचलते, पाह्यतोच आमी."