बॅटरीचाचांनी बसवलेला काटा

बॅटरीचाचा माझ्याशी कधी ओरडून बोलले नाहीत. कोल्हापुरात ही मोठी गोष्ट आहे. इथं चांगलं ऐकू येणाऱ्याशीही माणसं ओरडूनच बोलतात. कबनूरच्या यंत्रमागांवर वीस वर्षं काढून माझे कान अधू झाले. चाचा हातातलं काम खाली ठेवून समोर यायचे आणि सावकाश बोलायचे. मला त्यांचे ओठ वाचता यायचे.

माग सुटल्यावर सुताची बाचकी वाहायला मी जुनी डिझेल पिकअप घेतली. पण इंजिनाचा आवाजच नीट येईना, त्यामुळे गिअर बदलायची वेळ चुकायची. वर्षात दोनदा क्लच प्लेट गेली. एका मेकॅनिकनं तोंडावर सांगितलं, "गाडी विका. हे तुमचं काम न्हाय." बायकोलाही ते पटलं. विकण्याआधी बॅटरी दाखवावी म्हणून शिरोली नाक्याजवळच्या चाचांच्या बॅटरी-वायरिंगच्या दुकानात गेलो, आणि का विकतोय तेही सांगून बसलो.

चाचा हातातली पकड खाली ठेवून समोर आले. मग म्हणाले, "कानाचं काम डोळ्यावर घालूया की."

इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय ते दाखवणारं आरपीएम मीटर त्यांनी भंगारातल्या एका गाडीतून काढून आणलं. त्याची वायर अल्टरनेटरवरून, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या भागावरून घ्यायची असते. माझ्या जुन्या अल्टरनेटरला तशी जागाच नव्हती. चाचांनी तो खोलून आतून वायर काढली. इंजिन चालू केलं आणि काटा हलला.

पण हेडलाइट लावला की काटा उड्या मारायचा. चाचांनी वायर बदलली, मग मीटर बदललं. "आधी सोपं बघायचं" असं ते सगळ्यांना सांगायचे, आणि या खेपेला स्वतःच विसरले होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मीटरची अर्थिंगची वायर गाडीच्या पत्र्याला जोडणारा बोल्ट सोडवला. खाली पत्र्यावर रंग तसाच होता, आणि रंगातून करंट जात नाही. "रंगावरच आवळलता मी. चूक माझी हाय," असं त्यांनी दुकानात बसलेल्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं सांगितलं. रंग घासून बोल्ट पुन्हा बसवला आणि काटा शांत झाला.

मग मीटरच्या काचेवर त्यांनी नेलपॉलिशनं दोन खुणा केल्या. "हितं चढला की वरचा गिअर, हितं उतरला की खालचा." माझ्या शेजारी बसून ते कोडोलीपर्यंत आले. एका चढावर काटा उतरला, मी गिअर खाली घेतला, गाडी निमूट वर गेली. चाचा खिडकीबाहेरचा ऊस बघत होते. शाबासकी दिली नाही. त्या दिवसानंतर क्लच गेला नाही, गाडीही विकली नाही.

पुढं चाचांना वायरींचे रंग नीट दिसेनात. त्यांनी दुकान बंद केलं आणि शाहूवाडीकडं लेकीच्या घरी राहायला जायचं ठरवलं. सामान माझ्याच पिकअपमधून न्यायचं, असं त्यांनी लेकीला बजावलं होतं. गेल्या साली ते वारले. मला मात्र सामान नेलं त्या दिवशीचा रस्ताच आठवतो. बांबवड्याच्या पुढं वळणं सुरू झाली, म्हणून मी शेजारी पाहिलं. खिडकीला डोकं टेकवून चाचा गाढ झोपले होते.