बारा नावांची यादी

आजाऱ्यांसाठी प्रार्थनेची यादी चर्चच्या फळ्यावर मीच लावते. नावं बाराच, एका पानावर मावतील एवढी. आज उपासना संपल्यावर राहेलमावशींचं बोट त्या यादीवरून दोनदा खाली आलं. त्यांच्या मुलाचं, योनाचं नाव मी या आठवड्यात गाळलं होतं. यकृत गेलं तरी तो दारू सोडत नव्हता, म्हणून त्याची जागा मी दुसऱ्याला दिली.

“आमच्या योनाचं राहिलं वाटतं गं?”

“जागा नव्हती, मावशी.”

“मनश्शेला बरी मिळाली!”

उपदेश नुकताच बायबलमधल्या त्या मनश्शे राजावर झाला होता. त्याने यरुशलेम निरपराध्यांच्या रक्ताने भरून टाकलं. देवाने त्याला बेड्या घालून बाबेलला पाठवलं, आणि तिथे तो रडला तेव्हा परत आणून गादीवर बसवलं. शिक्षाही देवाचीच आणि दयाही त्याचीच. मला मात्र खोडण्यापलीकडे काही सुचलं नव्हतं.

पेन काढून मी योनाचं नाव सगळ्यांच्या वर लिहिलं.

मावशी म्हणाल्या, “डॉक्टरांनी चार दिवस सांगितलेत.”

उपासनेत यादी वाचतात फक्त रविवारी, आणि आजची वाचून झाली होती.