ऑपरेशन थिएटरबाहेरचा कौल

“दोरा काडला तर पोर जाईल माजं. मी न्हाय येत आत!” सुमननं स्ट्रेचरची कड घट्ट धरली.

पोटातल्या बाळाचे ठोके उतरत होते. सिझर तातडीनं करायचं होतं. आणि बाईच्या कमरेला काळा दोरा, त्यात तांब्याचा ताईत. सिझरमध्ये रक्त थांबवायला कॉटरी वापरतात, म्हणजे विजेवर चालणारी डागणी. अंगावर धातू असला तर भाजायची भीती. शिवाय दोरा नेमका छेद घ्यायच्या जागी.

मी सोलापुरात ओटी सिस्टर म्हणून जन्म घालवलाय. असले कितीतरी दोरे कचाकच कापलेत. पण हिची आधीची पोरं पोटातच गेलेली. हा दोरा गावच्या देवऋष्यानं, म्हणजे ज्याच्या अंगात देव येतो त्यानं, बांधलेला.

“सिस्टर, कापा आणि घ्या आत,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

“ती नको म्हणतीय, मॅडम. बांधणाऱ्यालाच विचारू.”

सासूबाईंनी सांगोल्याकडच्या मेंढपाळांच्या वस्तीवर फोन लावला. मी स्पीकर चालू केला आणि देवऋष्याला म्हणाले,

“मामा, दोरा कापू दे म्हणून सांगा की हिला. बाळ अडलंय.”

“मी कोन सांगनार, बाई? देवानं बांदलाय. त्येलाच इचारतो.”

ढोल वाजायला लागला. मॅडमनी माझ्याकडं बघितलं, मी भिंतीकडं. मग धापा ऐकू आल्या आणि म्हाताऱ्याचा आवाज एकदम जड झाला. “लेकरा, राखन माजी हाय, दोऱ्याची न्हाय. गाठ सोडा. पर कापू नगा.”

सुमननं कड सोडली. “सोडा, सिस्टर,” म्हणाली.

आता सोडा म्हणजे काय! तेल, भंडारा आणि घाम पिऊन ती मेली गाठ दगड झालेली. मी ग्लोव्हज काढून फेकले नि नखं लावली.

“सिस्टर!”

“होतंय, मॅडम, होतंय!”

एकदाची सैल झाली. दोरा सासूबाईंच्या पदरात टाकला आणि आत पळालो.

पोरगी झाली. आधी गप्पच होती. मी तिची पाठ चोळली. मग अशी किंचाळली की मॅडमसुद्धा हसल्या.

मामा नंतर वॉर्डात आले. बाळाला भंडारा लावला, मलाही लावला. मी वाकून नमस्कार केला, अगदी मनापासून. तो माणूस नाही म्हणाला असता तर आमची सगळी मशिनं तशीच राहिली असती.

“मामा, देव नको म्हणाला असता तर हो?”

“त्यो काय यडा हाय व्हय?” मामा म्हणाले.

देवाचं मला कळत नाही. ऑपरेशनच्या कागदावर नातेवाइकांची सही असतेच; मी आता दोरा बांधणाऱ्याचा फोन नंबरही मागून घेते.