एका काचेची दोन माणसं

लोकांना नाव ठेवायला कारण लागत नाही, पण लख्खच्या बाबतीत कारण होतं. काच पुसून झाली की शिडीवर उभा राहून तो म्हणायचा, "झाली लख्ख." गिऱ्हाईक ऐकायला असो नसो. पुढे पुढे ही सवय इतकी लागली की जेवून ताट धुतलं तरी लख्ख, दाढी केली तरी लख्ख. मग लोकांनी त्यालाच लख्ख करून टाकलं. त्याच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत, अगदी तिच्याहून दुप्पट वयाचा बेकरीवाला म्हाताराही.

दोघांचा धंदा काचा धुण्याचा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, बंगल्यांच्या. लख्ख बाहेरून, वहिनी आतून. एकाच काचेला दोन्हीकडून दोन माणसं भिडलेली. आधी साबणाचं पाणी, मग रबराची पट्टी वरून खाली, मग कडा कोरड्या फडक्यानं. दोघांच्या पट्ट्या काचेवरून बरोबरीनं खाली यायच्या, जोडीचे बैल एका चालीनं चालावेत तशा. मधे काच असल्यामुळे बोलणं ऐकू येत नाही, म्हणून त्यांनी खुणा बसवल्या होत्या. बोटानं टकटक केली म्हणजे डाग तुझ्या बाजूला आहे. तळहात टेकवला म्हणजे माझ्या बाजूला आहे, मी बघतो. मूठ दाखवली म्हणजे चल पुढच्या काचेला. घरी भांडण झालेलं असलं की वहिनी खुणा सगळ्या करायची, पण नजर त्याच्या सदऱ्याच्या गुंडीवर ठेवायची. तिसऱ्या चौथ्या खिडकीपर्यंत ती नजर वर सरकायची. लख्ख म्हणायचा, "आमचं भांडण मोजायचं तर काचेत मोजा. लहान भांडण तीन काचांचं. माहेरच्यांवरून झालेलं असलं तर अख्खी बँक पुसावी लागते."

आधी तो बांधकामावर मजूर होता. नवी इमारत झाली की काचांवरचे रंगाचे आणि सिमेंटचे शिंतोडे पात्यानं खरवडायचं काम त्याच्याकडे असायचं. मजुरांची ती टोळी मोडली आणि तो घरी बसला. त्यानं काचा खरवडलेल्या एका इमारतीत दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दवाखाना काढला होता. त्यांना त्याचा हात आठवला. त्यांनी निरोप धाडून बोलावलं आणि सांगितलं, "माझा पेशंट तोंड उघडून खिडकीकडेच बघत बसतो. ती तरी बघण्यासारखी असू दे." बाईंनी पुढे बेकरीवाल्याला सांगितलं, बेकरीवाल्यानं कापडवाल्याला, आणि असा रस्ताच्या रस्ता लख्खच्या हाती आला. तो अजून म्हणतो, "बाईंनी माझ्या तोंडात दात एक घातला नाही, पण घास घातले."

वहिनी धंद्यात आली ती डबा घेऊन आली म्हणून. कापडाच्या दुकानापाशी येऊन बघते तर नवरा बाहेरून काच घासतोय, डाग जात नाही. मग धावत आत, आतून घासतोय, तरी जात नाही. पुन्हा बाहेर. दुकानातली नवी फरशी त्याच्या बुटांनी शेतासारखी झालेली आणि मालक गल्ल्यावर बसून हे येणंजाणं तोंड वाकडं करून बघतोय. वहिनीनं डबा पायरीवर ठेवला, चपला काढल्या आणि म्हणाली, "तुम्ही बाहेर मरा. आतलं मी बघते." तिनं फडकं घेतलं ते आजतागायत खाली ठेवलेलं नाही.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. आणि सुरळीत चाललेलं असलं की कुणीतरी येतंच.

वाचनालयाच्या बाई दाढ दुखते म्हणून डॉक्टरीणबाईंकडे आल्या. खुर्चीत आडव्या पडल्या, तोंड उघडलं आणि खिडकी बघितली. दाढ काढून झाल्यावर गालात कापूस धरून त्यांनी आधी विचारलं काय, तर काचा कोण पुसतं. त्यांच्या वाचनालयाची नवी इमारत उभी राहत होती, भिंती नावाला आणि बाकी सगळी काच. दर आठवड्याला धुवायची. काम कायमचं. बाईंनी दोघांना बोलावून दाखवलं आणि सांगितलं, "एक दिवस करून बघा, मग हो किंवा नाही सांगा. नाही म्हणालात तर मला दुसरं माणूस बघायला हवं."

ही बातमी वहिनीच्या भावाला कळायचा अवकाश. हा मेव्हणा टेम्पो चालवायचा, आणि टेम्पोच्या आधी त्याचं तोंड चालू व्हायचं.

"दाजी, आता टोळी वाढवा. गाडीवर नाव रंगवू. टेम्पो आपलाच आहे."

"टेम्पो तुझा आहे."

"तेच म्हटलं मी. आपलाच."

पण मेव्हण्यानं मांडलेली गोष्ट खोटी नव्हती. वाचनालय आणि जुना रस्ता दोन्ही सांभाळायचे तर आणखी एक जोडी हवी. नवी दोन माणसं आणून त्यांची जोडी लावली तर ती काच धुतील की फोडतील, कोण सांगणार. म्हणजे नव्याबरोबर एक जुनं माणूस हवंच. लख्खबरोबर एक नवा आणि वहिनीबरोबर एक नवी. नवा म्हणजे शेजारचा रंगारी, त्याला सध्या काम नव्हतं. नवी म्हणजे मागच्या गल्लीतली शिवणकाम करणारी, तिचे डोळे अजून चांगले होते पण मशीनवर बसून कंबर गेली होती.

"म्हणजे आम्हा दोघांची जोडी मोडायची," लख्ख म्हणाला.

"दाजी, धंद्याची जोडी मोडायची. लग्नाची कोण मोडतंय?"

वहिनीच्या मनात काम घ्यायचं होतं. ती तसं स्पष्ट म्हणाली. "रस्त्यावरच्या काचा पुसून आपण जगलो, कुणाचं वाईट झालं नाही. पण माझ्या हातात अजून जोर आहे आणि तो कुठं वापरायचा ते मला दिसतंय. तुमचं काय?"

"बघू."

"तुमच्या या बघूनं आपलं लग्न दोन वर्षं लांबलं होतं."

लख्ख कारणं देऊ लागला. आधी गुडघा पुढे केला. मग जुनी गिऱ्हाइकं, त्यांनी भाकरी दिली, त्यांना कसं सोडायचं. सोडायचं नाहीच आहे, असं वहिनीनं सांगितल्यावर मग म्हणाला, अंथरूण पाहून पाय पसरावे. मेव्हणा म्हणाला, "दाजी, अंथरूण मोठं मिळतंय तर तुम्ही पाय कापून घ्यायला निघालात."

खरं कारण त्यानं कुणाला सांगितलं नाही, मला मात्र एकदा शिडी धरायला लावून वरून सांगितलं. वरून सांगितलं म्हणजे तोंड बघावं लागत नाही. म्हणाला, "दिवसभर ती समोर असते. काच पुसत जावं तशी जास्त दिसते. आता तिथं रंगारी दिसणार. ते थोबाड बघितलंयस का तू?"

चाचणीचा दिवस ठरला. लख्ख आणि रंगारी वाचनालयावर, वहिनी आणि शिवणवाली जुन्या रस्त्यावर. लख्खनं आदल्या संध्याकाळी रंगाऱ्याला पाटावर बसवून सगळं शिकवलं होतं. म्हणजे पाणी, पट्टी, फडकं. खुणा सांगायच्या राहिल्या. राहिल्या म्हणजे त्याला त्या सुचल्याच नाहीत. आपण डोळ्याची पापणी लववतो ते कुणी कुणाला शिकवतं का, तसं झालं होतं त्याचं.

पहिल्या मजल्याच्या गच्चीत लख्ख बाहेर, रंगारी आत. रंगाऱ्याचा हात चांगला होता, त्याबद्दल वाद नाही. पण मधोमध एक डाग राहिला. लख्खनं सवयीनं बोटानं टकटक केली. रंगारी सभ्य माणूस. त्यानंही आतून टकटक केली. लख्खनं पुन्हा केली, जरा जोरात. रंगाऱ्याला वाटलं, मालक शाबासकी देताहेत. त्यानं फडकं खांद्यावर टाकून हात जोडले.

लख्खनं कपाळाला हात लावला आणि डाग आपल्याच बाजूचा असेल म्हणून घासू लागला. जाईना. मग त्यानं तळहात काचेवर आपटला. आता मात्र रंगाऱ्यानं अर्थ लावला. बिचाऱ्याला उन्हात तहान लागली असेल, आत यायचं असेल. त्यानं कडी काढली आणि ती भलीमोठी खिडकी बाहेर ढकलली. खिडकीनं गच्चीच्या कठड्यावर ठेवलेल्या बादलीला धक्का दिला, बादली पलीकडे गेली, आणि खाली बाईंनी नुकत्याच लावलेल्या झाडांवर साबणाच्या पाण्याचा सडा पडला. बाई तिथं जवळच उभ्या होत्या. त्या भिजल्या नाहीत, एवढंच नशीब.

"आत येताय ना?" रंगाऱ्यानं प्रेमानं विचारलं.

लख्ख आत आला. डाग आतून घासला, बाहेर जाऊन घासला, पुन्हा आत. नव्या फरशीवर त्याच्या बुटांचे ठसे उमटत राहिले. आणि त्या फेऱ्यांत कधीतरी तो थांबला. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की डाग कोणत्या बाजूचा हे आपल्याला दिसतं. आता कळलं की त्याला ते कधीच दिसलं नव्हतं. तो नुसता टकटक करायचा. वहिनी मान कलती करून बघायची, नखानं हलकेच खरवडायची, आणि तिच्या बाजूचा असला तर पुसायची, नसला तर त्यालाच उलट टकटक करायची. आपण खुणा ठरवल्या असं तो लोकांना सांगत फिरला होता. निवाडा सगळा तिचा होता.

दुपारी वहिनी आली. जुना रस्ता तिनं उरकला होता. "कापडवाला विचारत होता, दादा आजारी आहेत का. मी म्हटलं, नाही, मोठे झालेत." तिच्यामागून शिवणवाली आली, कंबरेवर हात ठेवून पण तोंडावर हसू. ती बाहेरचं काम शिकली होती. वहिनीनं तिला काय शिकवलं म्हणून विचारलं तर म्हणाली, "कापडाची उलट बाजू सुलट बाजू बघतो ना आपण, तसंच आहे म्हणाल्या. मग मला सोपं गेलं."

वहिनीनं फरशीवरचे ठसे बघितले आणि सगळं ओळखलं. रंगाऱ्याला बोलावलं. "भाऊ, भिंतीवरचा पोपडा कसा बघता तुम्ही? समोरून?"

"नाही वहिनी. भिंतीला गाल लावून, तिरपा."

"मग इथं लावा गाल."

रंगाऱ्यानं काचेला गाल लावला, बघितलं, आणि आतून नखानं खरवडून पुसलं. डाग निघाला. लख्ख बाहेर गच्चीत उभा राहून हे बघत होता. पुढे मला म्हणाला, त्या वेळी मला राग यायला हवा होता, पण बरं वाटलं. इतकं जाणतं माणूस आपल्या वाट्याला आलं आणि आपण ते खिडक्या पुसायला वापरत होतो, असं वाटलं. मग लगेच म्हणाला, म्हणजे खिडक्या पुसणं काही वाईट नाही.

संध्याकाळी बाईंनी ऑफिसात बोलावलं. झाडांचं काही काढलं नाही. हो की नाही, एवढंच विचारलं, आणि सवयीनं लख्खकडे बघून विचारलं. सोबत आलेल्या मेव्हण्यानं घसा खाकरला. लख्खनं घरून निघताना 'नाही' कसं म्हणायचं ते घोकलं होतं.

तो म्हणाला, "बाई, मला विचारू नका. हिला विचारा. काम हिचं आहे. ही घेणार असेल तर माझी माणसं हिच्या हाताखाली, आणि मीही."

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. मग बाईंकडे वळून म्हणाली, "घेते. पण पहिला महिनाभर आमच्याकडून खालचे दोन मजलेच. माणसं तयार झाली की वरचे. आणि जुना रस्ता सुटणार नाही, त्यांच्या दिवशी मी तुमच्याकडे येणार नाही."

बाईंना ते पटलं. बाहेर आल्यावर मेव्हणा कुरकुरला, सगळी इमारत मिळत होती आणि दोनच मजले काय मागितले. वहिनी म्हणाली, "तू टेम्पो पहिल्याच दिवशी चौथ्या गिअरमध्ये टाकला होतास, आठवतंय ना? त्या पानवाल्याला अजून आठवतंय."

आता वाचनालयावर वहिनी, शिवणवाली आणि आणखी एक बाई असते. लख्ख रंगाऱ्याला घेऊन रस्त्यावर फिरतो. तिथल्या काचा लहान, आणि गिऱ्हाइकं चुका पोटात घालणारी. रंगाऱ्याचं थोबाड त्याला सहन होतं, इतकंच नाही तर बेकरीवाला सांगत होता की दोघं काचेच्या दोन्ही बाजूंनी हसत असतात आणि कशावरून ते कुणाला कळत नाही. कधी एखादा डाग अडला तर लख्ख तो तसाच ठेवतो. म्हणतो, उद्या ती येईल तेव्हा बघेल. डॉक्टरीणबाई म्हणतात, चालेल.

मी परवा त्यांच्याकडे गेलो होतो. पूर्वी दोघं घरी फारसं बोलत नसत. दिवसभर समोरासमोर असल्यावर सांगायला काय उरणार. परवा वहिनी भाजी चिरत होती आणि लख्ख समोर लसूण सोलत बसला होता. वाचनालयात एक आजोबा रोज त्याच खिडकीपाशी बसतात, आम्ही काच पुसायला लागलो की पुस्तक बाजूला ठेवून आमच्याकडेच बघत बसतात, असं ती सांगत होती. लख्खच्या हातातला लसूण सोलायचा राहिला होता.

"मग?" तो म्हणाला.

"मग काय, मी त्यांना म्हटलं, आजोबा, पुढचं पान तुमची वाट बघतंय."

"मग ते काय म्हणाले?"

"आधी लसूण द्या. मग सांगते."