सासूबाईंचं बेट

लग्नानंतर मी दोन गोष्टी एकदमच सुरू केल्या. एक सासर आणि दुसरा एक व्हिडिओ गेम. त्यातला गेम बरा होता.

गेममध्ये पाच बेटं होती. प्रत्येक बेटाची भाषा वेगळी, कुणीतरी रिकामटेकड्याने बसून बनवलेली, लिपीसकट. होडीतून उतरायचं, लोक चिन्हांत काहीबाही सांगणार, ते काय करतात ते बघून अर्थ ताडायचा. एखाद्याने दाराकडे हात करून एक चिन्ह दाखवलं, तर त्याचा अर्थ ‘दार’ असेल, ‘उघड’ असेल, नाहीतर ‘चालती हो’ असेल. हे अंदाज गेममधल्याच एका वहीत लिहायचे. पानावरचे सगळे बरोबर आले, की वही आपणहून शिक्का मारायची. त्या ठप्प आवाजासाठी मी दोनदा भात करपवला आहे.

सासर दिग्रसजवळच्या एका तांड्यात. मी वणीची, कोळशाच्या धुळीत वाढलेली. नवरा बंजारा, कॉलेजपासूनचा. दोन्ही घरांनी वर्षभर तोंडं फुगवून घेतली आणि मग झक मारत लग्न लावून दिलं. आठवडाभर आम्ही यवतमाळला नोकरीवर, शनिवार-रविवार तांड्यात. घरात सगळे आपसात गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलत. माझ्याशी मात्र सासूबाई मराठी बोलायच्या आणि तीही तलाठ्याशी बोलावी तशी जपून. “बाई, च्या घेता का?” अहो, सुनेला ‘घेता का’? माझी आई मला जन्मात असं म्हणाली नाही. ती ‘ढोस’ म्हणते.

मला त्या घरात जन्मभर पाहुणी म्हणून राहायचं नव्हतं. नवऱ्याला म्हटलं, बोली शिकव. पण तो भाषांतराला कुचकामी. सासूबाई दहा मिनिटं तावातावाने बोलल्या तरी त्याचा मराठी अनुवाद “काही नाही, असंच” एवढाच. शेवटी मी गेमचीच पद्धत लावायचं ठरवलं. कृषी केंद्राने फुकट दिलेली एक डायरी होती. डाव्या बाजूला ऐकलेला शब्द, उजव्या बाजूला त्या वेळी कोण काय करत होतं ते, आणि खाली माझा अंदाज.

‘बाटी’ म्हणजे भाकर, हे पहिल्याच दिवशी कळलं. ‘याडी’ म्हणजे आई, हेही सोपं होतं. मग ‘कोर’ आला. मी घरात शिरले की कुणीतरी हळूच तो शब्द म्हणायचं. मी लिहिलं, ‘कोर म्हणजे सून’, आणि मोठ्या ऐटीत नवऱ्याला दाखवलं. तो कान खाजवायला लागला.

“कोर म्हंजे,” तो म्हणाला, “जो आपल्यातला नाही तो.”

मला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. पण डायरीत चूक ठेवणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून खोडून नीट लिहिलं.

पुढच्याच शनिवारी सासूबाईंची बहीण पुसदकडून आली. पिशवी दारातच टाकून ती सासूबाईंच्या गळ्यात पडली आणि दोघी मोठमोठ्याने, सुरात, लांब लांब शब्द ओढत रडायला लागल्या. मी पद्धत लावली. मिठी, अश्रू, सूर, म्हणजे मयत. आत जाऊन चहाखालचा गॅस बंद केला, शेजारणीला दुःखी चेहऱ्याने बातमी दिली आणि शेतात गेलेल्या नवऱ्याला फोन लावला, “लवकर ये, कोणीतरी गेलं!” तो चार माणसं घेऊन धावत आला. तोवर दोघी बहिणी डोळे पुसून बाजेवर बसल्या होत्या आणि चहा कुठे अडकला म्हणून विचारत होत्या.

मग मला सांगण्यात आलं, की बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या बायका अशाच रडतात. कशी होतीस, का आली नाहीस, काय सोसलंस, सगळं त्या सुरातच येतं. तांडा महिनाभर माझ्यावर हसला. मीही हसले, पण तेव्हापासून बघत राहिले. सासूबाई माझ्या नणंदेच्या गळ्यात पडून रडायच्या, दूरच्या भाचीच्याही. मी आले की “च्या घेता का?” डायरीत लिहिलं, ‘हे रडणं म्हणजे तू आपली आहेस.’ शिक्का मारायला कुणी आलं नाही.

नंतर वणीला माझी आई पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवसांसाठी गेलेली मी अडीच महिने राहिले. आई फिजिओथेरपीवाल्याच्या चुका काढू लागली, तेव्हा ती बरी झाली हे आम्ही ओळखलं. धाकट्या भावाने मला गाडीने तांड्यात आणून सोडलं. तो पहिल्यांदाच येत होता. डिकीतून बॅग काढत तो मागे राहिला.

सासूबाई पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या. मी पाया पडायला वाकले, तर त्यांनी मला दंडाला धरून ओढलं आणि गळा काढला. भर अंगणात, पूर्ण आवाजात.

मग डायरीची पानं कामाला आली. किती दिवस लावलेस, घर खायला उठलं. तुझ्या याडीचं हाड जुळलं का गं. आणि त्याच सुरात, तेच अश्रू गाळत, तुझ्या बाट्या जाड, त्याही कच्च्या, पण तू नाहीस तर माझा पोरगा हॉटेलात खाऊन वाळला. ‘कोर’ कधी येतो म्हणून मी कान देऊन ऐकत होते. तो आलाच नाही. मग मलाही रडू आवरेना. मोडक्यातोडक्या गोरबोलीत, सूर सोडून, मी रडतच सांगितलं की बाटी कच्ची नसते, तुझा तवाच वाकडा आहे. सासूबाईंचं पोट हललं, त्या हसल्या की हुंदका आला ते कळलं नाही, पण सूर त्यांनी सोडला नाही.

एवढ्यात बॅग टाकून भाऊ धावत आला. तोंड पांढरंफटक.

“ताई, काय झालं वं? कोन गेलं?”

“कोनी नाही गेलं बे,” मी सासूबाईंच्या खांद्यावरूनच म्हटलं. “मी आली.”