माशाच्या कातडीची पट्टी

ट्रॉलरवर जाळं ओढायच्या विंचमध्ये दोर अडकला आणि त्याने माझ्या उजव्या तळहाताचं मांस सोलून नेलं. रत्नागिरीतल्या डॉक्टरांनी प्रयोगातला उपचार म्हणून जखमेत एक पांढरी, ओलसर पट्टी बसवली. ती माशाच्या कातडीपासून केलेली होती. तिच्यात मूळ पेशींनी सोडलेल्या अतिबारीक पिशव्या होत्या. त्या आसपासच्या मांसाला वाढायला लावतात. "ही परांची समजा. हिच्यावर तुमचं मांस चढेल. हात लावू नका," असं त्यांनी बजावलं.

घरी बायकांना काय कळतंय, म्हणून मी ते सांगितलंच नाही. आईचा जन्म मासळी निवडण्यात गेला. बुळबुळीत दिसलं की खरवडून टाकायचं, नाहीतर सगळी पाटी नासते, हा तिचा नियम.

दुपारी गोळीच्या गुंगीत पडलो असताना कळ मस्तकात गेली. आईने बँडेज सोडलं होतं आणि ती सुरीने पट्टी खरवडत होती.

"सडलं होतं रे," ती म्हणाली.

मी डाव्या हाताने तिच्या थोबाडीत मारली. ती सुरीसकट भिंतीवर आदळली.

डॉक्टरांनी दुसरी पट्टी बसवली. तळवा भरून आला, वर नवी कातडीही धरली. माझा डावा हात नुसता हलला तरी आई अजून तोंड मागे घेते.