जीपची पंगत

मला माणसांत बसवलं ते चोपड्याच्या आबांनी. हे आधीच सांगून टाकतो. पुढचं सांगताना मला लाज वाटणार आहे, आणि लाजेच्या भरात नेमकं हेच राहून जाईल.

आबा केळीवाले. त्यांच्या खळ्यात निंबाखाली एक जुनी जीप उभी होती. कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. ती जीप त्यांनी घरच्या घरी दुरुस्तीला काढली होती, आणि तीही पंगत मांडून. काढलेला प्रत्येक पार्ट वेगळ्या केळीच्या पानावर, निघाला त्याच क्रमानं. चैत्राच्या उन्हात पानं करपायची, म्हणून रोज सकाळी नवी पानं कापायची आणि एकेक पार्ट आपल्या जागी पुन्हा मांडायचा. मधूनच एखादी कोंबडी तुरुतुरु गेली की आबा म्हणायचे, "घ्या, पाहुनी उनी पंगतमा."

मी उदगीरकडचा. सातवीतून शाळा सोडलेली, आणि जळगावच्या ज्या गॅरेजात होतो तिथून नुकताच काढलेला. दारातच पेटी घेऊन बसलो होतो. आबा तिथे पार्ट शोधायला आले होते.

"तुले काय येस?" त्यांनी अहिराणीत विचारलं.

"नुसते पार्ट धुता येतात. गाडी आत-बाहेर करता येते."

"मंग चाल. मना घर बठ्ठा पार्ट मळेल शेतस." घरचे सगळेच पार्ट मळलेले होते म्हणे.

माझ्यावाचून आबांचं काही अडलं नव्हतं. इंजिन बांधायला चोपड्याचा मिस्त्री येतच होता. हे मला पहिल्याच दिवशी कळलं, आणि तेव्हापासून रॉकेलच्या डब्यात हात घालून मी खाली मान घालूनच असायचो. दुपारी पंगतीच्या टोकाला, कार्बोरेटरच्या पुढे, एक पान जास्तीचं पडलेलं असे. त्यावर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा. "जेवाले बस," आबा म्हणायचे. मी त्यांच्याकडे पाठ करून भराभरा जेवायचो. फुकटचं खातोय असं वाटायचं. एकदा ते मागून म्हणाले, "कार्बोरेटर तुना हातमातून घास घेणार नही. सावकाश खाय."

जीपची एवढी घाई होती ती लेकीसाठी. तिला मी पुढे ताई म्हणू लागलो. ती अमळनेरला दिलेली, पहिलटकरीण. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. त्या वर्षी व्याह्यांचा निरोप आला: सुनेला एसटीत धक्के खात पाठवणार नाही, गाडी आणा, आणि न्यायला मुऱ्हाळी म्हणून भाऊ येऊ द्या. आबांना मुलगा नव्हता. गाडी तेवढी होती, तीही पानांवर. भाड्याच्या गाडीचं नाव मात्र ते कुणाला काढू देत नव्हते. ताई लहानपणी याच जीपमध्ये केळीच्या घडांवर बसून शाळेत जायची.

आखाजीच्या आदल्या दिवशी जीप सुरू झाली. एक वायसर पानावरच उरला होता. मी तो आबांपुढे धरला. आबांनी तो खिशात टाकला. "हाऊ जेवाले उशिरा उना. राहू दे." जीपला दुसरी खोड म्हणजे उजवीकडे वळली की हॉर्न आपोआप वाजायचा. तो काढायला वेळ नव्हता. आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून स्टिअरिंग माझ्या हाती.

तापी ओलांडून अमळनेरला पोचलो. व्याह्यांचं घर नेमकं उजवीकडच्या बोळात. बोळभर हॉर्न कोकलत गेला आणि अख्खी आळी ओट्यावर आली. माझ्या बनियनवर ग्रीस, नखं काळी. व्याही कापसाचे व्यापारी, पांढऱ्या धोतरात. मला बघून आत म्हणाले, "ड्रायव्हरला बाहेरच चहा द्या रे." मला बरंच वाटलं. माझी जागा तीच होती.

पण आबा आत जाईनात. उंबऱ्याशी थांबले, माझा दंड धरला. "हाऊ डायवर नही. हाऊ मना पोऱ्या शे. मुऱ्हाळी हाऊच."

व्याह्यांनी माझ्याकडे, माझ्या नखांकडे पाहिलं. जमीन दुभंगावी असं मला झालं. ताईच पुढे आली. तिनं पायांवर पाणी घातलं, पाटावर बसवलं, कुंकू लावलं. व्याह्यांनी रीत म्हणून टोपी-टॉवेल दिला. तो घेताना पांढऱ्या टॉवेलवर माझी पाची बोटं काळी उमटली. ताई हळूच म्हणाली, "दादा, नखं तरी धुऊन यायचं. माझी सासू आता वर्षभर सांगत बसेल."

परतताना ती मागे बसून हॉर्न वाजला की हसत होती. मला हसता आलं नाही. वेळ निभवायला आबांनी म्हटलं असेल, खरोखर पोरगा मानलं असेल थोडंच, हेच डोक्यात.

पावसाळ्यापूर्वी आबांनी मला धुळ्याच्या एका गॅरेजात चिकटवून दिलं. त्यानंतर मी ना चोपड्याला फिरकलो, ना अमळनेरला. आता माझं स्वतःचं छोटं गॅरेज आहे. पार्ट अजून ओळीनं मांडतो, पानं नाहीत म्हणून गोणपाटावर. आबा गेल्याचं मला उशिरा कळलं. आणि मग हेही कळलं, की आखाजीला ताईला न्यायला आता कुणीच जात नाही. तिनं एका ओळखीच्याजवळ विचारलंही होतं, "दादा रागावला का?"

रागावलो नाही ताई, लाजलो. तो टॉवेल पेटीत आहे, बोटं निघालेली नाहीत. आबांचे उपकार फिटायचे नाहीत, पण एका आखाजीला नखं स्वच्छ धुऊन, गाडी घेऊन मी तुमच्या बोळात उजवीकडे वळेन. या वेळी उंबऱ्यावर मीच सांगेन, मुऱ्हाळी आलाय.